उजवा नऊ, डावा आठ

शेवगावची माणसं सुट्टी काढून फारशी लांब जात नाहीत. पैठणला जातील, लेकीकडं पुण्याला जातील, फार तर संभाजीनगरला कापडखरेदीला. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, राज्यातलं सर्वांत उंच शिखर आहे हे आम्ही शाळेत पाठ केलं आणि तिथंच सोडून दिलं. मी पन्नाशीला आलो तरी तिकडं फिरकलो नव्हतो. गेलो ते धाकट्या भावामुळं, आणि त्याच्या पायामुळं.

मिलिंद भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे, म्हणजे शेतांच्या हद्दी मोजून देणारा. खेड्यात त्याला 'मोजणीवाले साहेब' म्हणतात. दीड वर्षापूर्वी एका मोजणीवरून परतताना त्याच्या मोटारसायकलीपुढं रानडुक्कर आडवं आलं. उजवा घोटा मोडला, आत पट्टी आणि स्क्रू बसले. हाड जुळलं, पण पाय पहिल्यासारखा राहिला नाही. थोडा जाड झाला, संध्याकाळी सुजायचा. ऑफिसनं त्याला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. आता साहेबांनी स्पष्ट विचारलं होतं, "फिरतीवर परत येताय की इथंच कायम राहताय? सोमवारी सांगा."

आईचं आणि माझं मत एकच होतं. खुर्ची मिळाली आहे, सोडू नकोस.

मिलिंद म्हणाला, "डॉक्टर म्हणत्यात चाला, पण चपलेवर नको, चांगले बूट घ्या. मी बूट घेतो आणि एक डोंगर चढून बघतो. मग ठरवतो."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "नगर जिल्ह्यात सपाट जागा संपली का रे?"

"सपाटीवर काही कळत नाही आई," तो म्हणाला.

त्याला एकट्याला सोडायचं नाही, असं आईनं मला नजरेनंच सांगितलं. मी माझं औषधांचं दुकान मेहुण्याच्या हवाली केलं आणि कपाटावरून माझे जुने बूट खाली काढले. बऱ्याच वर्षांपूर्वी मनालीच्या सहलीसाठी घेतलेले. एकदाच वापरून, आत कागद कोंबून खोक्यात जपून ठेवलेले. अगदी नव्यासारखे दिसत होते. माझ्यापुरता बुटांचा प्रश्न मिटला होता.

संगमनेर

डोंगर ठरला हरिश्चंद्रगड. गुरुवारी निघालो. नेवासा, श्रीरामपूर, मग प्रवरेचा पट्टा. आमच्याकडं दिवाळीनंतर कपाशी वेचून रानं करडी पडतात, इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एकाच जिल्ह्यात आहोत हे दुकानांच्या पाट्यांवरच्या जिल्ह्याच्या नावावरून कळावं, एवढा फरक.

संगमनेरला नाशिक-पुणे रस्त्यालगत गिर्यारोहणाच्या सामानाचं एक दुकान आहे. दोन्ही शहरांतली पोरं गडांवर जाता-येता तिथं थांबतात. दुकान पस्तिशीतल्या एक बाई चालवत होत्या. आम्ही दुपारी दोनला पोचलो आणि मी उशिराबद्दल काहीतरी बोललो, तर म्हणाल्या, "बरं झालं आत्ता आलात. सकाळी माप घेतलं तर बूट संध्याकाळी चावतो. दिवसभरात पाय फुगतोच."

मिलिंदनं मोजे काढले. दीड वर्षात मी त्याचा पाय एवढ्या उजेडात पाहिला नव्हता. घोट्याच्या बाहेरच्या बाजूनं लांब व्रण, त्याच्यावर टाक्यांच्या आडव्या खुणा. बाईंनी पाहिलं, विचारलं काही नाही. दोन्ही पावलं कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखली. नेहमी उभं राहून दुसऱ्याच्या जमिनीची मापं काढणारा माझा भाऊ स्वतःच्या पावलांची आकृती वाकून बघत होता.

"उजवा नऊ, डावा आठ," बाई म्हणाल्या.

"मग एक नऊचा, एक आठचा द्या," मी म्हणालो.

"उरलेला आठ आणि नऊ मी कुणाला विकू, दादा? तसाच दुसरा कुणी यायला पाहिजे."

मिलिंद हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

मग बुटांवरून आम्हां भावांत जुंपली. माझी नजर वरच्या फळीवरच्या एका जोडावर होती. पोटरीपर्यंत उंच, जाड चामड्याचा, तळ दगडासारखा. मोडलेल्या घोट्याला असाच आधार पाहिजे, असं माझं म्हणणं. मिलिंदनं तो हातात घेऊन वजन पाहिलं, उलटा केला, तळाच्या खोल खाचांमध्ये बोट घातलं आणि खाली ठेवला.

"आपल्या काळ्या रानात हे घालून दहा पावलं चाललो, तर एकेका पायाला पायलीभर चिखल चिकटेल. खाचा जवळजवळ आहेत. चिखल निघणारच नाही."

"तू डोंगर चढायला बूट घेतोयस का मोजणीला?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आतून दुसरा जोड आणला. घोटा जेमतेम झाकेल एवढी उंची, वजनाला हलका, तळाच्या खाचा विरळ. टाचेकडं पिळून पाहिला तर पिळत नव्हता, चवड्याजवळ मात्र वाकत होता. त्यातही आतून पाणी न शिरणारं अस्तर असलेला आणि नसलेला, असे दोन प्रकार होते. मिलिंदनं अस्तर नसलेला घेतला. "शेवगावात पाणी आत शिरायला आधी पडायला तर पाहिजे," तो म्हणाला, "घामानंच पाय शिजायचे."

दुकानात एक लाकडी उतार केलेला होता. नऊ नंबरचे बूट घालायला देऊन बाईंनी त्याला त्यावरून खाली चालायला लावलं. उजवा बरोबर बसला. डावा आत पुढं सरकला आणि बोटं टोकाला आपटली. मग डाव्यात जादा तळवा घातला, एक पातळ आणि एक लोकरी मोजा घातला, आणि टाच मागं धरून राहील अशी वरच्या छिद्रांतून नाडीची वेगळी गाठ बांधून दाखवली. पुन्हा उतार. पुन्हा. चौथ्या-पाचव्या खेपेला तो खाली येऊन थांबला आणि म्हणाला, "आता दोन्ही पाय माझेच वाटतायत."

निघताना बाईंनी बजावलं, "उद्या लगेच गडावर जाऊ नका. एक दिवस साध्या रस्त्यानं चाला. बुटाला पाय कळू द्या."

रतनवाडी

म्हणून शुक्रवार आम्ही भंडारदऱ्याला काढला. जलाशयाच्या कडेनं रतनवाडीच्या रस्त्यावर हिंडलो. भात कापून झालं होतं, खाचरांत पेंढ्या रचलेल्या होत्या आणि बाया लाकडी ओंडक्यावर पेंढ्या झोडत होत्या. आमच्याकडं एका रानातून दुसऱ्या रानाकडं नजर सरळ जाते. इथं खाचरं पायऱ्यांसारखी, आणि प्रत्येकाचा बांध वाकडा. मिलिंद एका ठिकाणी थांबून बराच वेळ बघत राहिला. "हे मोजायचं म्हणजे," तो स्वतःशीच म्हणाला.

मिलिंदच्या डाव्या टाचेला थोडं घासलं. मी औषधवाला, चिकटपट्टी खिशातच होती. लावली, मोजा सरळ केला, थांबलं.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे. जुनं, दगडी, बाहेरून तळापासून शिखरापर्यंत कोरलेलं. आम्ही दोघं देवळात हात जोडणाऱ्यांतले नाही, पण कोरीवकाम बघायला काय हरकत आहे? मी बूट काढले. मिलिंद पायरीवर बसून राहिला.

"ये की."

"तू बघून ये. नाड्या सोडायच्या, परत बांधायच्या, नको."

आवारात सहलीला आलेली दहा-बारा माणसं होती. त्यांच्यासमोर त्याला मोजे काढायचे नव्हते, हे मला खांब बघता बघता कळलं. मी लवकर बाहेर आलो.

पाचनई

हरिश्चंद्रगडाला जायच्या वाटा अनेक आहेत. त्यांतली सोपी म्हणतात ती पाचनईची. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथं पोचलो आणि तारामावशींच्या घरी उतरलो. मावशी आणि त्यांचे यजमान येणाऱ्यांना जेवण आणि पडवीत झोपायला जागा देतात. जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, वालाची आमटी आणि खुरासणीची चटणी. आमच्याकडं कारळाची म्हणतात तीच, पण इथली जास्त तिखट. नागलीची भाकर काळपट दिसते म्हणून मी जरा दबकत तुकडा मोडला, आणि तीन भाकरी खाल्ल्या. चहा मात्र कोरा. दूध मागितल्यावर मावशी म्हणाल्या, "गाय आटली हाय. आता दूध पायजे तर वासरू हुईस्तवर ऱ्हावा."

त्यांनी मिलिंदला बूट काढताना पाहिलं. तो अंगणाच्या कडेला, पाठ करून बसला होता.

"पाय मोडला हुता व्हय?" त्यांनी सरळ विचारलं.

"हो."

"आमच्या ह्यांचा बी मोडल्याला. कड्यावरनं गवत आणताना. तवा गाडीरस्ता बी नव्हता. डोलीतनं न्हेलं." यजमान भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी पाय पुढं करून दाखवला. गुडघ्याखाली हाड बाकदार जुळलेलं होतं. मिलिंद पाटासकट त्यांच्याकडं सरकला आणि आपला पाय त्यांच्या पायाशेजारी ठेवला. दोघं वाकून एकमेकांचे पाय बघत होते, कुठं दुखतं, थंडीत कसं ठणकतं, बोलत होते. मी आत जाऊन मावशींना ताटं उचलायला मदत केली.

गडावर

शनिवारी उजाडताच निघालो. वाट आधी झाडीतून चढते, मग एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटातून आडवी जाते. डोक्यावर कातळ पुढं झुकलेला, खाली दरी, काही ठिकाणी लोखंडी कठडे. मी मिलिंदच्या मागं होतो आणि वाट सोडून त्याच्या उजव्या टाचेकडंच बघत होतो. तो सावकाश, पण एका लयीत चालत होता. पाऊल ठेवण्याआधी दगड निरखायचा, मग पूर्ण तळ टेकवायचा.

"दादा, माझ्या पायाकडं बघू नको. मला मागनं कळतंय," तो एकदा म्हणाला.

वर पोचल्यावर देऊळ, पाण्याची टाकी आणि केदारेश्वराची गुहा पाहिली. गुहेत छातीएवढ्या गार पाण्यात भलंमोठं लिंग आहे आणि चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे. एका झोपडीत कांदाभजी खाल्ली. मग पाऊणएक तास चालून कोकणकड्यावर गेलो.

कोकणकड्याचं वर्णन मला नीट करता येणार नाही. चालता चालता जमीन संपते, एवढंच. कडा आत वळलेला आहे, त्यामुळं काठावर पोटावर झोपून डोकं बाहेर काढलं, तर आपल्याखाली काहीच नसतं. फार खाली कोकणातली जंगलं आणि एक बारीक पांढरा रस्ता. वारा खालून वर येतो. मिलिंदनं टाकलेलं वाळकं पान खाली गेलंच नाही, आमच्या डोक्यावरून मागं उडालं.

आम्ही काठापासून मागं सरकून बसलो. तेव्हा तो आपण होऊन बोलला.

"मागच्या महिन्यात साहेबांनी मला एकदा फिरतीवर पाठवलं होतं. तुम्हांला सांगितलं नाही मी. नांगरलेलं रान होतं, लई ढेकळं. मधेच पाय लटपटला. ज्याची मोजणी होती तो म्हातारा आला आणि त्यानं माझा हात धरला. चांगल्या मनानं धरला. धरून शेवटपर्यंत नेलं. समोर त्याचा भाऊबंद उभा होता, ज्याच्याशी वाद. तो म्हणाला, साहेब, आता तुम्ही त्यांचा हात धरून आलात, तुमच्या मोजणीवर मी काय विश्वास ठेवू?"

मी विचारलं, "मग?"

"बरोबर होतं की त्याचं. मोजणीवाल्यानं कुणाचा हात धरून चालायचं नसतं. मी यंत्र गुंडाळलं आणि परत आलो." मग तो म्हणाला, "रेकॉर्ड रूम वाईट नाही दादा. पंखा आहे, चहा वेळेवर येतो. पण मला तिथं भीतीनं बसायचं नाही."

मी खुर्चीच्या बाजूनं बोलायला शब्द जुळवत होतो. पेन्शन, आई, त्याची दोन मुलं. त्या वाऱ्यात ते बोलवेना.

उतार

परतताना कातळभिंतीच्या आधी माझ्या डाव्या बुटातून फटफट आवाज यायला लागला. पाहिलं तर टाचेपासून तळ सुटून जिभेसारखा लोंबत होता. मी ओढून पाहिला आणि तो हातात आला. आतला फोम वाळलेल्या केकसारखा कुस्करत होता. दहा पावलांवर उजव्याचंही तेच झालं. न वापरता जपून ठेवलेले बूट आतून मरून गेले होते.

मिलिंदनं आधी मला बसवलं. पिशवीतून नायलॉनची दोरी काढली आणि तळ बुटाला आडवे-उभे फेरे घालून करकचून बांधले. "एवढ्यावर कठड्यांपर्यंत चल," तो म्हणाला. दोरी तेवढीही टिकली नाही. तळ निघून गेले आणि माझ्या पायाखाली नुसती गुळगुळीत पुठ्ठ्यासारखी चकती उरली. नेमका तिथंच कातळावरून पाणी झिरपत होतं, दगडावर शेवाळ होतं.

"मी अनवाणीच चालतो."

"नको, खडे टोचले की तू उड्या मारशील. माझ्या खांद्यावर हात ठेव. मी पाऊल ठेवीन तिथंच ठेव."

अशी आमची वरात निघाली. ज्याला सांभाळायला मी आलो होतो, तो पुढं आणि मी त्याचा खांदा धरून मागं. दोन कठड्यांच्या मधे उघडी जागा होती, तिथं माझा पाय सटकला. मी ओरडलोही नाही, तेवढा वेळच नव्हता. दोन्ही पाय पुढून निघाले आणि माझं सगळं वजन त्याच्या पाठीवर गेलं. मला दिसलं ते एवढंच, की त्याचा उजवा पाय दरीच्या बाजूला एका दगडावर पडला, दगड तिरपा होता, आणि तो पाय तिथून हलला नाही. मिलिंद गुडघ्यात वाकला, डाव्या हातानं कातळाची खाच धरली आणि आम्ही दोघं तसेच थांबलो. एक बारका दगड सुटून खाली गेला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"बस," तो म्हणाला. "हळू. मागं बस."

मी बसलो. तो वळला, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता. आधी मी त्याच्या बुटाची नाडी सोडायला गेलो, पाय बघायला.

"सोडू नको! आता काढला तर सुजेल, परत जाणार नाही आत. उलट अजून घट्ट कर."

मी नाडी घट्ट केली. धाकट्या भावाच्या बुटाची नाडी मी तो शाळेत असताना बांधायचो. त्यानंतर आजच. तो उभा राहिला, पाय दाबून पाहिला, एकदा, दोनदा.

"दुखतोय?"

"दुखतोय. पण वळला नाही दादा. पीळ बसला तो बुटानं खाल्ला." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता. "वळला नाही!"

उरलेली वाट मी बरीचशी बसून, घसरत उतरलो. पँटची मागची बाजू गेली. तो प्रत्येक टप्प्याला थांबून हात देत होता. खाली पोचायला दुपार टळली.

तारामावशींनी माझे पाय पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "तुमचं बी उघडलं का! लई जनांचं उघडतंय." गोठ्यामागं त्यांनी दाखवलं, तर तिथं बिनतळाच्या बुटांचा ढीग होता. ठाण्याचे, पुण्याचे, नाशिकचे. एका बुटात त्यांनी मिरचीचं रोप लावलं होतं. मला घरी जायला त्यांनी यजमानांचे प्लास्टिकचे बूट दिले. एक नंबर लहान होते.

मिलिंदनं अंगणाच्या मधोमध बाजेवर बसून बूट काढले. पाय सुजला होता, पण रोज संध्याकाळी सुजायचा तेवढाच. यजमानांनी बोटानं दाबून पाहिला आणि मान डोलावली.

शेवगाव

रविवारी परतलो. रस्त्यात मिलिंद झोपला होता, त्यामुळं काही बोलणं झालं नाही. घरी आईनं गरम पाण्याची घमेली काढली, मीठ टाकलं आणि आम्हां दोघांना समोरासमोर पाय बुडवून बसवलं. प्रवास कसा झाला हे तिनं मला विचारलं, त्याला नाही. मी कड्याचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. सटकण्याचं सांगितलं नाही. शेवटी तिनंच विचारलं, "मग काय ठरलं?"

"सोमवारी साहेबांना सांगतो," एवढंच तो म्हणाला.

आईनं माझ्याकडं पाहिलं. खुर्चीच्या बाजूनं बोलायची माझी पाळी होती. मी पाण्यातले पाय हलवत राहिलो.

सोमवारी त्यानं काय सांगितलं, ते त्यानं घरी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गुरुवारी दुपारी दुकानात गर्दी ओसरल्यावर मी त्याला फोन केला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा वाऱ्याचा आवाज एवढा होता, की मला दोनदा विचारावं लागलं.

"कुठायस?"

"रानात," तो म्हणाला. मागं माणसं चढ्या आवाजात बोलत होती, एकमेकांवर. "नांगरलंय. या बांधापासून त्या बांधापर्यंत दोनदा जाऊन-येऊन झालं."

"पाय?"

"आहे की. दादा, ठेवतो. दोन्हीकडची मंडळी माझी वाट बघतायत."